आजारी माणसासाठी यहुदी प्रार्थना: आईचं नाव कशाला, आणि भेटायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या तुमच्या बेने इस्राएल (म्हणजे कोकणातले मराठी यहुदी) शेजारकाकांचं बायपास आहे. त्यांच्या मुलीने त्यांचं आणि त्यांच्या आईचं नाव सगळ्यांना कळवून 'तेहिलीम वाचा' असं सांगितलंय. हे काय असतं, तुम्ही भेटायला जावं का, आणि गणपतीचा अंगारा नेला तर चालेल का?

मी बेने इस्राएलच, मूळ गाव अलिबागकडे. शेवटचं आधी सांगते. भेटायला जरूर जा. अंगारा नेऊ नका. त्यांना राग येईल म्हणून नाही, पण लावावा की नाही या पेचात त्यांना कशाला टाकायचं?

आता नावाचं. मशिदीत (आमच्या प्रार्थनास्थळाला, सिनेगॉगला, जुने लोक मशीदच म्हणतात) एखाद्याला सेफेर तोरापुढे (तोरा या आमच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीपुढे) बोलावतात तेव्हा 'अमुक, अमक्याचा मुलगा' असं बापाचं नाव घेतात. आजाऱ्यासाठी मागताना मात्र आईचं. एका स्तोत्रात 'मी तुझा दास, तुझ्या दासीचा पुत्र' असं आहे, त्याचा आधार देतात. आपल्याकडे कागदोपत्री सगळीकडे बापाचं नाव लावायची सवय, त्यामुळे आजीचं हिब्रू नाव ऐनवेळी कुणाला आठवत नाही आणि इस्राएलमध्ये लोद-अश्दोदला मावश्यांना फोन जातात. आमच्याकडे दरवेळी हेच होतं.

हे नाव 'मी शेबेराख' या आशीर्वादात घेतात. 'ज्याने आमच्या पूर्वजांना, अब्राहाम, इसहाक, याकोब यांना आशीर्वाद दिला, तो अमक्यालाही देवो' अशी त्याची सुरुवात. त्यात मागणं दुहेरी असतं: आत्म्याला आराम आणि देहाला आराम, याच क्रमाने. तोरा सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला (शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी) वाचतात, तेव्हा हे म्हणतात. शब्बाथला रडगाणं गायचं नसतं, म्हणून त्या दिवशी शब्द बदलतात: 'आज शब्बाथ, आक्रोश नको, आराम जवळ आला आहे.' तोरा वाचायला दहा पुरुष लागतात. कोकणातल्या मशिदींत आता दहा जमवणं हेच मोठं काम.

तेहिलीम म्हणजे दाविदाची स्तोत्रं, एकूण १५०. नातेवाईक ती आपसांत वाटून घेतात. ११९ वं स्तोत्र हिब्रू अक्षरमालेप्रमाणे रचलेलं आहे, त्यातली आजाऱ्याच्या नावाच्या अक्षरांची कडवी निवडून वाचतात. तुम्हाला वाचायचंच असेल तर मराठी बायबलमधलं १२१ वं वाचा, 'मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो' असं सुरू होणारं. कुणी हरकत घेणार नाही.

पण एवढी पाठांतरं लागतातच असं नाही. तोरात आहे, मोशे संदेष्ट्याच्या बहिणीला, मिर्यामला, कोड फुटलं तेव्हा त्याने फक्त पाच शब्द उच्चारले: एल ना रफा ना ला. देवा, बरं कर तिला. तिचं नावसुद्धा घेतलं नाही, आणि त्यावरूनच तालमूदने (जुन्या धर्मपंडितांच्या चर्चांचा आमचा ग्रंथ) म्हटलंय की दुसऱ्यासाठी दया मागताना नाव घेणं बंधनकारक नाही.

मला स्वतःला प्रार्थनेपेक्षा भेटीचं, म्हणजे 'बिक्कूर होलीम'चं, महत्त्व जास्त वाटतं. तालमूदमध्ये गोष्ट आहे. रब्बी (धर्मगुरू) अकिवाचा एक शिष्य आजारी पडला आणि कुणी फिरकलं नाही. अकिवा स्वतः गेले, खोली झाडून घेतली, पाणी शिंपडलं. शिष्य म्हणाला, तुम्ही मला जिवंत केलंत. अकिवांनी बाहेर येऊन शिकवलं की जो आजाऱ्याला भेटत नाही तो जणू रक्त सांडतो. तेव्हा काकूंना विचारा, डबा हवा का, रात्री दवाखान्यात थांबायला कुणी हवं का. मांस आणि दूध आम्ही एकत्र खात नाही. घोळ नको असेल तर अख्खी फळं न्या. पलंगावर उंच बसू नका, कारण आजाऱ्याच्या उशाशी देवाचं सान्निध्य असतं असं मानतात. अगदी सकाळी किंवा दिवस कलताना जाऊ नये असंही आहे: सकाळी रोगी बरा दिसतो, मग आपण मागणं सोडतो, संध्याकाळी फारच खालावलेला दिसतो, मग आशा सोडतो.

'मग ऑपरेशन कशाला, देवावर सोडा' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वैद्याला बरं करायची परवानगी तोरातूनच मिळाली आहे असं तालमूद सांगतो.

एक अवघड गोष्टही सांगते, तुमच्या काकांची वेळ तशी नसली तरी. रब्बी येहूदा हानासी मरणपंथाला होते, शिष्यांची प्रार्थना थांबेना. त्यांच्या मोलकरणीने आधी वर जाऊन ते जगावेत असंच मागितलं. मग त्यांचे हाल पाहिले, आणि गच्चीवरून एक मडकं खाली टाकलं. आवाजाने शिष्य क्षणभर गप्प झाले, तेवढ्यात त्यांचा प्राण गेला. तालमूद तिला दोष देत नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात ती बाई मला फार आठवली.

काका घरी आले की बहुतेक मलिदा, म्हणजे आमचा आभाराचा प्रसाद, करतील. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. नवस मोठा असेल तर अलिबागजवळच्या खंडाळ्यालाही जातील (घाटातला खंडाळा नव्हे). तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा. मलिद्याचं बोलावणं तुम्हाला येईलच. रिकाम्या पोटी जा, ताट भरून देतात.