फॅट उतरलंय? आधी रवंथ बघा

प्रश्न : माझ्याकडे बारा दुभत्या मेंढ्या आहेत. दूध वाढावं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मक्याचा भरडा एकदम दुप्पट केला. दूध जरा वाढलं, पण फॅट साडेसहावरून पाचच्या खाली आलं. म्हणून गाईंचं खनिज मिश्रण सुरू केलं, यीस्टही आणून ठेवलंय. आणखी काय घालू?

उत्तर : ताई, घालायचं नंतर बघू. ते गाईंचं मिश्रण मात्र आजच बंद करा. त्यात तांबं असतं. गाईला ते मानवतं, मेंढीला अगदी थोडं पुरतं. जास्तीचं तिच्या यकृतात साठत जातं, कित्येक महिने वरून काही कळत नाही, आणि एखाद्या दिवशी ते एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फुटतात. अशी एक मेंढी मी हाताळली आहे. आदल्या संध्याकाळी खात होती. सकाळी पापणी उलटून पाहिली तर आतून हळदीसारखी पिवळी, लघवी काळपट लाल. वाचली नाही. मालकाने चांगल्यासाठीच घातलं होतं, म्हणून ते अजून मनाला लागून आहे. मेंढ्यांसाठी म्हणून बनवलेलंच मिश्रण घ्या आणि पिशवीवर तांब्याचं प्रमाण वाचा.

आता फॅट. भरडा अचानक वाढला की कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, आम्ल वाढतं, तिथल्या जंतूंचं काम बिघडतं आणि कासेत फॅट कमी तयार होतं. दुपारी मेंढ्या बसल्या की शांतपणे बघा. निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात. लेंड्या सैल असतील, त्यात मक्याचे कण दिसत असतील, तर दुखणं तिथेच आहे. भरडा पूर्वीइतका करा, दोन-तीन वेळांत विभागून द्या आणि त्याआधी लांब काड्यांचा कोरडा चारा पोटभर खाऊ द्या. पुन्हा वाढवायचा झाला तर दोन-तीन आठवडे घेऊन. खाण्याचा सोडा खुराकाच्या एक टक्का मिसळलात तर आम्ल आवरायला मदत होते, पण चाऱ्याची जागा तो घेत नाही. यीस्टचंही तसंच, चारा सुधारल्यावर हवं तर द्या. बायपास फॅटने, म्हणजे कोटीपोटात न विरघळता पुढे जाऊन पचणाऱ्या फॅटने, आकडा चढेल, पण मेंढीच्या दुधातलं प्रथिन त्याने बहुधा उतरतं. दूध चीजसाठी जात असेल तर तो सौदा मला पटत नाही.

आणि हो, नमुना पहिल्या धारांचा घेत नाही ना? त्यात फॅट कमीच असतं, शेवटच्या धारांत जास्त. पूर्ण धार काढा, दूध ढवळा, मग बाटली भरा.