गणित सोडू नकोस

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे, दारव्हा तालुक्यातल्या गावात राहते. बाबांचे ठोके अनियमित पडायचे, म्हणून नागपूरला ॲब्लेशन झालं. नंतरच्या एमआरआयला तासभर लागला, त्यांना पडून राहणं सहन होईना. ही तपासणी लवकर व्हावी, यासाठी मला काम करायचं आहे. त्यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं का? नीटसाठी बारावीला गणित सोडायचा विचार आहे.

उत्तर: डॉक्टर व्हायलाच हवं असं नाही. पण गणित अजिबात सोडू नकोस.

वेळ कुठे जातो ते बघ. ॲब्लेशनमध्ये फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाभोवती जाळून किंवा गोठवून व्रणाचं कडं करतात, म्हणजे तिथले चुकार विद्युतसंदेश हृदयात शिरत नाहीत. कड्यात फट राहिली तर त्रास उलटू शकतो. हे कडं एमआरआयवर पाहायचं, तर या वाहिन्या जिथे उघडतात त्या डाव्या अलिंदाची, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, तीही सतत हलती. व्रण चित्रात उठून दिसावा म्हणून गॅडोलिनियम या द्रव्याचं इंजेक्शन देऊन थांबायचं, मग प्रत्येक ठोक्यातल्या ठरावीक क्षणीच थोडी थोडी माहिती गोळा करायची. श्वासामुळे हृदय जागचं सरकलं, की तेवढी माहिती बाद. ठोके वेडेवाकडे असले तर आणखी उशीर.

यावरचा एक मोठा उपाय गणितातून आला. २००७ मध्ये मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माहिती मुद्दाम कमी आणि विखरून घेतली तरी गणिताने पूर्ण चित्र उभं करता येतं. त्याला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात. आता त्यात मशीन लर्निंगची भर पडली आहे. या सगळ्याच्या मुळाशी आहेत तुझे अकरावीचे कॉम्प्लेक्स नंबर, बारावीच्या मॅट्रायसेस आणि फिजिक्समधल्या लहरी.

एमआरआय टेक्निशियनचा कोर्सही चांगला, नोकरी लवकर लागते. पण तो मशीन चालवण्याचा मार्ग. तुझं मन ते जलद करण्यात आहे. त्यासाठी इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटातून दे. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर किंवा बायोमेडिकल घे, पुढे गेट परीक्षेतून एमटेक. फिजिक्स आवडत असेल तर बीएस्सी करून एमएस्सीसाठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा दे. मला हाही रस्ता तितकाच पक्का वाटतो. कॉलेजात गेल्यावर न्यूयॉर्क विद्यापीठाचा फास्टएमआरआय डेटा उघडून बघ. गुडघ्याच्या स्कॅनची कच्ची माहिती संशोधनासाठी मोफत मिळते.

फीची धास्ती बाबांना नको. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४ पासून राज्यात शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर दाखले सेतूतून आधीच काढून ठेवा, निकालानंतर तिथे झुंबड उडते.