माड तोडू नका, आधी पंखे बदला

रत्नागिरीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. शहराला लागून स्वतःचं स्लॅबचं घर, नवरा-बायको आणि नववीतली मुलगी. ताई शाळेच्या कार्यालयात, यजमानांचं छोटं दुकान. दोघांचे मिळून महिन्याला साधारण 62,000 येतात, गृहकर्जाचा हप्ता धरून 45,000 खर्च होतात, बँकेत 3,50,000 ची एफडी आहे. गेल्या सप्टेंबरात मुलगी शाळेबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला गेली, आणि तेव्हापासून घरात हाच विषय आहे. आता एफडी मोडून सगळं एकदम करायचं ठरतंय. 3 किलोवॅटचं सोलर 2,05,000, चालती पेट्रोल स्कूटर देऊन वर 90,000 भरून इलेक्ट्रिक, 30,000 चा बायोगॅस आणि पागोळीचं पाणी विहिरीत सोडायला 22,000. शिवाय किनारा साफ करणाऱ्या गटाला दरमहा 2,000. त्या लिहितात, ‘बेरीज 3,47,000 होते, म्हणजे एफडीत बरोबर बसते. करून टाकू ना?’

ताई, तुमच्या लेकीचं आधी कौतुक. पण बेरीज एफडीत बरोबर बसते, हीच गोष्ट मला खटकली. यजमानांच्या दुकानाचा गल्ला पावसाळ्यात निम्म्यावर येतो, असं तुम्हीच लिहिलंय. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं, तेव्हा रात्रीत माल गेलेले दुकानदार मी पाहिलेत. विम्याचे पैसे यायचे तेव्हा आले. तोवर ज्यांच्या हाताशी रोकड होती, त्यांचं शटर आधी वर गेलं. म्हणून सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 2,70,000 रुपये, या एफडीतून हलवायचे नाहीत. उरले 80,000. आपला सगळा हिशोब आता या 80,000 मध्ये बसवायचा आहे, आणि तो बसतो.

तुम्ही बारा महिन्यांच्या वीजबिलांचे फोटो पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. वर्षाचे युनिट 2,160, भरलेली रक्कम 22,300. घरात एसी नाही, मग युनिट जातात कुठे? कोकणातल्या घरात पंखा हिवाळ्यातले दोन महिने सोडले तर बंद होतच नाही. घामच सुकत नाही आपल्याकडे. तुमचे तीन पंखे जुने आहेत, प्रत्येकी 75 वॅटच्या आसपासचे. बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा त्याच वाऱ्याला 30 वॅट घेतो. दिवसाला 12 तास, वर्षाला 300 दिवस धरले तरी तीन पंख्यांत 480 च्या वर युनिट वाचतात. हे युनिट तुमच्या बिलातल्या महागड्या, 100 च्या वरच्या टप्प्यातले आहेत. कर धरून तो भाव 12 रुपयांच्या घरात पडतोय, म्हणजे वर्षाला जवळपास 5,800 रुपये सुटले. तीन पंख्यांचे लागतील 9,000. दीड वर्षात पैसे परत. तुमच्या यादीत नसलेली ही वस्तू मी सगळ्यांत वर ठेवतो.

आता सोलर. पंखे बदलल्यावर वर्षाची गरज 1,680 युनिटवर येते. 1 किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिट हा विक्रेत्यांचा ठोकळा घाटावर चालतो, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ उघडत नाही. मी वर्षाला 1 किलोवॅटमागे 1,300 युनिट धरतो. म्हणजे 3 किलोवॅटमधून 3,900 युनिट तयार होतील, तुमच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही तारांवर सोडलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, उरलेले युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण 31 मार्चला खातं बंद होतं आणि शिल्लक युनिट महावितरण घरगुती दराच्या मानाने बऱ्याच कमी भावाने घेते. वीज विकून कमाई होईल, असं कोणी सांगत असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्तीला 78,000 अनुदान आहे. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला अनुदान फक्त 18,000. तुम्हाला मिळालेल्या भावांत 2 किलोवॅट 1,45,000 ला आहे, अनुदान वजा जाता 85,000. तिसरा किलोवॅट घेतलात तर अनुदान धरूनही 42,000 जास्त जातात, आणि त्यातून तुमच्या घराला लागणारा एक युनिटही वाढत नाही.

माझा कौल 2 किलोवॅटला आहे, पण एका अटीवर. दुपारचा भात, डाळ, चहा इंडक्शनवर करायला लागा. निम्मा स्वयंपाक तिथे गेला तर वर्षाला 400 युनिट वाढतील आणि चार सिलिंडर वाचतील. पुढे कधी इलेक्ट्रिक स्कूटर आलीच तर तिचे 150. एकूण 2,230, म्हणजे 2 किलोवॅटच्या आत. बिलातला स्थिर आकार काही सुटत नाही, तो भरावाच लागतो. तो वगळून वीज आणि गॅस मिळून वर्षाला 18,000 च्या आसपास वाचतात. 85,000 पाच वर्षांच्या आत फिटतात आणि पॅनेलची हमी 25 वर्षांची असते. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, मधे एकदा बदलावा लागेल, तो खर्च मनात धरून ठेवा. इंडक्शनवर काही करायचंच नसेल, तर मात्र 1 किलोवॅट पुरे.

विक्रेत्याने दक्षिणेकडचे दोन माड तोडायला सांगितलेत, हे वाचून मला वाईट वाटलं. एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीची वीज उतरते, हे त्याचं म्हणणं खरं आहे. वरून नारळ पडून काच फुटते, हेही खरं. पण तुमच्याच हिशोबाने एक माड वर्षाला 80 नारळ देतो. घाऊक 25 रुपये धरले तरी दोन माडांचे 4,000 होतात, शिवाय झावळ्या, खराटे, सोडणं. 2 किलोवॅटला फक्त 200 चौरस फूट जागा लागते. तुमच्या गच्चीच्या फोटोत पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला तेवढी जागा मोकळी दिसतेय. सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेत तिथे कुठवर सावली येते, ते लेकीला तीन-चार रविवार खडूने आखायला सांगा. विक्रेत्याला तोच खडूचा नकाशा दाखवा.

दुसरी गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. मिऱ्याच्या बाजूला एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर मागच्या वर्षी चढलो होतो. पॅनेल लखलखीत, पण खालच्या सांगाड्याला हात लावला तर तांबूस पापुद्रा बोटावर आला. नटाच्या जागी गंजाचा गोळा होता आणि स्लॅबवर खाली तपकिरी ओघळ. बसवून तीनच वर्षं झाली होती. बसवणाऱ्याने साधं रंगवलेलं लोखंड वापरलं होतं. तुम्ही कोटेशनवर लेखी घ्या, की सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) किंवा ॲल्युमिनियमचा असेल, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतील आणि पॅनेल खाऱ्या हवेच्या चाचणीतून गेलेलं असेल. पाच-सात हजार जास्त गेले तरी घासाघीस करू नका. ते पैसे आपण दुसरीकडून काढू. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडकडे कसं गेलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पत्रे कागदासारखे उडाले होते.

आणि वादळात वीज गेली की हे सोलरही बंद पडतं. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरीवालं हवं असेल तर खर्च खूप वाढतो. तुमच्याकडचा जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहे तसा राहू द्या.

पैसे असे उभे करा. अनुदान आधी मिळत नाही, मीटर बसून यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात जमा होतं. त्यामुळे 1,45,000 आधी उभे करावे लागतील. त्यातले 45,000 आपल्या 80,000 मधून घाला आणि 1,00,000 चं सोलर कर्ज सरकारी बँकेतून घ्या. या योजनेत 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेलं असल्याने वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी पडतं. पाच वर्षांचा हप्ता 2,000 च्या आत बसेल, म्हणजे आज बिलात जातात साधारण तेवढेच. अनुदानाचे 60,000 आले की त्याच दिवशी कर्जात भरा. मुदतीआधी फेडीला दंड नाही ना, हे सही करण्याआधी विचारून घ्या. उरलेले 40,000 पावणेदोन-दोन वर्षांत संपतात. अर्ज मात्र योजनेच्या पोर्टलवरूनच करा, विक्रेता तिथे नोंदणीकृत हवा आणि पॅनेल भारतात बनवलेलं हवं. नाहीतर अनुदान अडकतं.

स्कूटर नको. सहा वर्षांची आहे, दिवसाला 12 किलोमीटर चालते, महिन्याला 700 चं पेट्रोल पिते. 90,000 भरून वर्षाला सात-साडेसात हजार वाचतील, म्हणजे ते फिटायला बारा वर्षं लागतील. यजमानांना उद्या रोज पावस गावाला जाऊन-येऊन करावं लागलं, दिवसाला 40 किलोमीटर पडायला लागले, तर गणित पालटेल. तेव्हा पुन्हा लिहा. आणि ती स्कूटर तुमच्या दारातून गेली तरी रस्त्यावरून जात नाही, दुसरा कोणी तरी तीच चालवणार आहे.

बायोगॅसही नको. तीन माणसांचा ओला कचरा दिवसाला जेमतेम किलोभर भरतो, त्यात चूल पेटायची नाही. भाजीचं डेख-साल एका भोकं पाडलेल्या ड्रममध्ये सुक्या पाल्याचा थर देत साठवा. खर्च पाचशे रुपये. मासळीची खवलं-डोकी मात्र त्या ड्रममध्ये घालू नका, घाण सुटते आणि मांजरं ड्रम पाडतात. ती माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरायची, आपल्या आजीने केलं तसंच.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 22,000 मध्ये मे महिन्यातले टँकर बंद होतील असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. तुमच्या 900 चौरस फुटांच्या स्लॅबवर 3,000 मिलिमीटर पावसात अडीच लाख लिटर पाणी पडतं, हा आकडा बरोबर आहे. पण आपली जमीन जांभ्याची. जुलैत विहीर काठोकाठ भरते आणि ते पाणी जांभ्याच्या भोकांतून वाट काढत समुद्राला जाऊन मिळतं. पावसाळ्यात विहिरीत पाणी ओतलं म्हणून ते मेपर्यंत थांबत नाही. त्यापेक्षा पागोळीला एक नळ जोडून, पहिला पाऊस वाहून जाऊ देऊन, 2,000 लिटरच्या टाकीत पाणी घ्या. धुणी, भांडी, संडास यांना पावसाळ्याचे चार महिने पुरेल आणि पंप कमी चालेल. 14,000 पर्यंत काम होतं.

मे महिन्यासाठी उपाय वेगळा आहे आणि तो तुमच्या गच्चीवर नाही, वाडीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर आहे. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात. जिल्ह्यात हे श्रमदान गावोगाव होतं. वाहतं पाणी अडलं की आजूबाजूच्या विहिरींचा झरा लांबतो. खर्च सुतळीचा आणि चहाचा. गेल्या वर्षी तुम्ही टँकरला 9,000 दिलेत ना? त्यातले दोन टँकर जरी कमी झाले, तरी श्रमदानाच्या एका रविवारची मजुरी सुटली.

म्हणूनच गटाला दरमहा 2,000 देण्याबद्दल माझं मत असं, की आत्ता 300 द्या आणि बाकी हात द्या. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करतात, त्या दिवशी भाट्याला तिघंही जा. देणगीवरची 80जी ची करवजावट मिळेल म्हणून आकडा वाढवत असाल तर ती नव्या करप्रणालीत मिळत नाही. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वन महोत्सव असतो, त्या सुमारास सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपं सवलतीत मिळतात. आणि लेकीला एकदा वेळासला न्या. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि आज पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांना गावातल्याच घरांत राहायला, जेवायला मिळतं. तिघांचा खर्च हॉटेलच्या मानाने कितीतरी कमी येतो आणि तो पैसा थेट त्या घरांत जातो. हा खर्च मी काटणार नाही.

आता जमाखर्च. पंखे 9,000, सोलरमध्ये स्वतःचे 45,000, चांगल्या सांगाड्यासाठी 6,000, टाकी 14,000, ड्रम 500. झाले 74,500. उरलेल्या 5,500 मधून घराच्या विम्यात पॅनेलची किंमत लिहून घ्या. 2021 पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी वादळ-पुराचं नुकसान धरते, फक्त पॅनेलचा उल्लेख नावानिशी करवून घ्या आणि बसवल्याच्या दिवशीचे फोटो जपून ठेवा.

पंखे याच आठवड्यात घ्या. सोलरची सही दोन बिलं येऊन गेल्यावर करा. पंख्यांमुळे युनिट खरंच किती उतरले ते त्यात दिसेल. ती दोन बिलं आणि गच्चीचा खडूचा नकाशा मला पाठवा. 1 किलोवॅट की 2, ते तेव्हा पक्कं करू.