वाचकांचे प्रश्न : ‘राजपूत’ची आधीची कारकीर्द

प्रश्न : १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली तेव्हा विशाखापट्टणमहून निघालेली ‘आयएनएस राजपूत’ ही मूळची ब्रिटिश विनाशिका होती, असे वाचनात आले. तिची बांधणी कशी होती आणि आपल्याकडे येण्यापूर्वी तिने कोणते युद्ध पाहिले? गोवामुक्तीच्या वेळीही ती होती का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ‘राजपूत’चे मूळ नाव ‘एचएमएस रोदरहॅम’. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राऊन यांच्या गोदीत ती बांधली गेली आणि १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. ‘आर’ वर्गातील आठ विनाशिकांची ती म्होरकी होती.

युद्ध पेटल्यावर ब्रिटनला विनाशिका झटपट हव्या होत्या, म्हणून आधीच्या ‘जे’ वर्गाचा मजबूत सांगाडा घेऊन त्यावर जोडतोफांऐवजी ४.७ इंची चार सुट्या तोफा बसवण्यात आल्या आणि दारूगोळ्याची जी जागा वाचली ती इंधनासाठी वापरण्यात आली. जोडीला पाणतीर (टॉर्पेडो) सोडणाऱ्या आठ नळ्या, ४०,००० अश्वशक्तीची टर्बाइने आणि सुमारे ३६ नॉट वेग. दोष एकच, पण मोठा होता : मुख्य तोफांच्या नळ्या ४० अंशांपलीकडे उचलता येत नसत, त्यामुळे डोक्यावरून सूर मारणाऱ्या विमानापुढे त्या निरुपयोगी ठरत आणि सारी भिस्त लहान विमानवेधी तोफांवर राही.

या आराखड्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र अधिकाऱ्यांच्या खोल्यांची आहे. जुन्या विनाशिकांत त्या अगदी मागच्या टोकाला असत. मध्यरात्री पहाऱ्याची पाळी आली की ब्रिजवर, म्हणजे नौका जिथून चालवली जाते तिथे, पोहोचण्यासाठी अधिकाऱ्याला उघड्या डेकवरून, खवळलेल्या समुद्रात तर लाटा अंगावर झेलत, बांधलेल्या दोराच्या आधाराने जावे लागे. ‘आर’ वर्गात या खोल्या नौकेच्या मध्यभागी आणल्या गेल्या. ज्यांना रोज रात्री ती वाट तुडवावी लागे, त्यांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

या वर्गाच्या कामगिरीचा मोठा भाग हिंदी महासागरातच घडला, आणि वाढीव इंधनाचे महत्त्व येथेच दिसून आले. जर्मन पाणबुड्या इतक्या दूर टिकाव धरू शकत होत्या, त्या भर समुद्रात इंधन पुरवणाऱ्या तेलवाहू जहाजांच्या जोरावर. फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘रिलेंटलेस’ने ‘शार्लोट श्लीमान’ला गाठले, तर पुढच्याच महिन्यात ‘रोबक’ने ‘ब्राके’ला, दोन्ही जहाजे समुद्रतळाशी गेली आणि पाणबुड्यांची रसद तुटली. मार्च १९४५ मध्ये पोर्ट ब्लेअरसमोर जपानी किनारी तोफांनी ‘रॅपिड’ला जबर जायबंदी केले, तरी ती वाचली. युद्धात या वर्गाची एकही नौका बुडाली नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या नाविक तळावरील जपानी दलाची शरणागती ‘रोदरहॅम’च्या कप्तानांनी स्वीकारली, त्या तळाच्या एका प्रवेशद्वाराला पुढे तिचेच नाव मिळाले.

१९४९ मध्ये ‘रोदरहॅम’, ‘रिडाउट’ आणि ‘रेडर’ या तिघी भारताकडे आल्या आणि अनुक्रमे ‘राजपूत’, ‘रणजित’ व ‘राणा’ झाल्या. ब्रिटनने आपल्याकडच्या काही ‘आर’ नौकांचे पाणबुडीविरोधी फ्रिगेटमध्ये रूपांतर केले. आपल्या तिघी मात्र विनाशिकाच राहिल्या. गोव्याबाबत आपला तर्क बरोबर आहे : डिसेंबर १९६१ मध्ये ‘राजपूत’ आणि ‘किरपाण’ ही फ्रिगेट गोव्याच्या किनाऱ्यासमोर तैनात होत्या.

१९७१ मध्ये या जवळजवळ तीस वर्षांच्या नौकेकडे अवघड सोंग आले. आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ अंदमानात सुरक्षित होती आणि ‘गाझी’ला चकवण्यासाठी बिनतारी संदेशांच्या साहाय्याने ‘राजपूत’ तिच्या नावाने वावरत होती. ३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली बंदराबाहेर पडताना समोर पाण्यात खळबळ दिसली आणि तिने दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब) टाकले. थोड्याच वेळात झालेल्या स्फोटाने किनाऱ्यावरच्या घरांच्या खिडक्या हादरल्या. ‘गाझी’ त्यामुळेच बुडाली, असे भारतीय नौदल मानते. पाणबुडीतच स्फोट झाला किंवा तिनेच पेरलेला पाणसुरुंग तिला भोवला, असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. समुद्रतळावरील अवशेषांवरूनही हा वाद आजवर मिटलेला नाही, म्हणून ‘राजपूत’ने ‘गाझी’ बुडवली असे ठामपणे लिहिणे मी टाळतो. ‘राजपूत’ १९७६ मध्ये निवृत्त झाली.