तुमचे प्रश्न : एकमेकांत गुंतलेली तीन कडी

प्रश्न : आमच्या गणित विभागाच्या वार्षिक अंकासाठी मी लाटेकमध्ये (गणिती मजकूर जुळवण्याच्या संगणक-प्रणालीत) बोरोमियन कड्यांची, म्हणजे कोणतेही एक काढले की उरलेली दोन सुटी होतात अशा गुंतलेल्या तीन कड्यांची आकृती काढत आहे. लाटेकमधल्या टिक्झेड या आकृत्या काढण्याच्या साधनात तीन वर्तुळे काढणे अवघड नाही; परंतु ज्या वर्तुळाची आज्ञा शेवटी लिहावी, ते उरलेल्या दोन्हींच्या वर येते. आज्ञांचा क्रम हरतऱ्हेने बदलून पाहिला, तरी कडी गुंतलेली दिसत नाहीत. त्यातच मुखपृष्ठ फिकट पिवळे असल्यामुळे छेदांवर लावलेली पांढरी ठिगळे उठून दिसतात. याच अंकात ट्रेफॉइल, म्हणजे तीन छेदांची गाठही द्यायची आहे. काय करावे?
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : क्रम कितीही बदलला तरी ही आकृती साधणार नाही, आणि त्यामागचे कारण गणिताचेच आहे. टिक्झेड प्रत्येक नवी रेघ आधीच्या रेघांवर ओढते. म्हणजे बांगड्या एकीवर एक ठेवाव्यात तशी ती वर्तुळे रचत जाते, आणि अशा रचलेल्या बांगड्या कधीच गुंतलेल्या नसतात, कारण वरची उचलली की ती सुटी होते. बोरोमियन कड्यांत मात्र पहिले कडे दुसऱ्याच्या वर, दुसरे तिसऱ्याच्या वर आणि तिसरे पुन्हा पहिल्याच्या वर असते. या चक्रात सर्वांत खालचे असे कोणतेच कडे नाही. म्हणून कडी क्रमानेच काढावीत आणि जेथे क्रम चुकतो ते दोन छेद मागाहून दुरुस्त करावेत.

मोजमाप सोपे ठेवावे. डाव्या कड्याचे केंद्र (0, 0), उजव्याचे (2, 0), वरच्याचे (1, 1.732) आणि प्रत्येकाची त्रिज्या 2 सेंमी घ्यावी. आधी उजवे, मग डावे, शेवटी वरचे कडे काढावे. प्रत्येक वेळी रेघेखाली 5 पॉइंट जाडीची पांढरी रेघ आणि तिच्यावर 1 पॉइंटची काळी रेघ ओढावी, म्हणजे दोन्ही बाजूंना 2 पॉइंट मोकळी जागा राहते. आता वरचे कडे उजव्याच्या वरून गेलेले दिसेल, आणि नेमके तेच आपल्याला नको आहे. हे दोन छेद उजव्या कड्यावर 60 आणि 180 अंशांना पडतात. तेव्हा त्याच कड्याचे 50 ते 70 आणि 170 ते 190 अंशांचे दोन छोटे कंस, पांढऱ्या किनारीसह, अगदी शेवटी पुन्हा ओढावेत. येथे एकच कंस ओढून थांबू नये. तसे केल्यास ती दोन कडी साखळीच्या दुव्यांसारखी एकमेकांत अडकतात, आणि कोणतेही एक कडे काढले की उरलेली दोन सुटी होतात, हा या आकृतीचा प्राणच नाहीसा होतो. छपाईला देण्यापूर्वी लोकरीचे तीन रंगीत धागे घेऊन आकृतीबरहुकूम गुंफून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डोळा फसतो, धागा फसत नाही. धागेच सुचवण्याचे आणखी एक कारण आहे : खरीखुरी सपाट, गोल कडी घेऊन ही रचना करताच येत नाही, हे फ्रीडमन आणि स्कोरा यांनी 1987 मध्ये सिद्ध केले. आपण कागदावर वर्तुळे काढतो ती केवळ आराखडा म्हणून, हे आकृतीखाली एका ओळीत जरूर लिहावे.

मुखपृष्ठाची पार्श्वभूमी एकरंगी असेल, तर पांढऱ्याऐवजी नेमका तोच पिवळा रंग किनारीला द्यावा. मागे छायाचित्र किंवा उतरत्या छटा असतील, तर झाकण्याचा उपाय सोडून रेघ खरोखरच तोडावी लागते. त्यासाठी अँड्र्यू स्टेसी यांचे ‘एसपाथ3’ हे टिक्झेडसोबत वापरायचे पॅकेज उपयोगी पडते. त्यात वक्राचे छेदांपाशी तुकडे करून हव्या त्या तुकड्यांमध्ये फट ठेवता येते.

ट्रेफॉइलसाठी स्टेसी यांचीच ‘नॉट्स’ ही टिक्झेडची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, वापरावी. येथे एकच वक्र स्वतःला छेदतो, म्हणून स्वतःचे छेद विचारात घेण्याचा पर्याय आवर्जून चालू करावा लागतो. तो बंद राहिला, तर एकही छेद सापडत नाही. कच्च्या आराखड्याचा पर्याय निवडला की प्रत्येक छेदावर क्रमांक उमटतो, आणि जो छेद चुकला असेल त्याचा क्रमांक देऊन तो उलटवता येतो. वक्र सफाईदार हवा असेल, तर बिंदू देऊन जॉन हॉबी यांच्या पद्धतीने जोडून घ्यावेत. मेटापोस्ट या आकृत्या काढण्याच्या संगणक-भाषेत वक्र याच पद्धतीने तयार होतात, आणि टिक्झेडमध्येही तिची लायब्ररी आहे. मग गाठीवरून बोट फिरवून पाहावे : वरून, खालून, वरून, खालून असा क्रम कोठेही खंडित होता कामा नये. डावी आणि उजवी ट्रेफॉइल या वेगळ्या गाठी आहेत, हे माक्स डेन यांनी 1914 मध्ये दाखवले, त्यामुळे लेखात कोणती अभिप्रेत आहे हे आधी ठरवावे. तिन्ही छेद उलटवले तर डावीची उजवी होते. एकच उलटवला, तर गाठच सुटते.