इम्प्लांटच्या महागड्या 'सरफेस'ने खरंच फरक पडतो का?

प्रश्न: आईला (वय 62, शुगरची गोळी चालू) वरच्या जबड्यात मागच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, ज्यावर पुढे दाताची कॅप येते) बसवायचं आहे. डॉक्टरांनी दोन दर सांगितले. महागातलं 'ॲक्टिव्ह सरफेस'चं आहे म्हणे. पृष्ठभागाने एवढा फरक पडतो का? आणि स्क्रू घट्ट बसला असेल तर कॅपसाठी तीन-चार महिने थांबायचं कशाला?

उत्तर: मी डेंटिस्ट आहे, बरीच वर्षं इम्प्लांट बसवते. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

ज्या दिवशी बसवतो त्या दिवशी इम्प्लांट निव्वळ आट्यांच्या जोरावर उभं असतं. हाडात पाडलेलं भोक त्याच्यापेक्षा जरा बारीक ठेवतो, आटे हाड कापत आत जातात, आणि रॅचेटवर, म्हणजे इम्प्लांट आवळायच्या पान्यावर, 35 न्यूटन सेंटिमीटरचा जोर दिसला की आम्ही खूश. या घट्टपणात पृष्ठभागाचा वाटा फारसा नसतो. हाड किती भरीव आहे, शेवटचं ड्रिल कुठल्या मापाचं वापरलं, आटे किती खोल आहेत, यावर सगळं.

पण तो घट्टपणा टिकत नाही. आट्यांखाली दबलेलं हाड थोडंफार मरतं. शरीर ते आधी खाऊन टाकतं आणि मग तिथे नवं घालतं. जुनं गेलंय आणि नवं अजून पुरतं आलेलं नाही, अशी एक खोट मध्ये येते, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. ती मोजताही येते. इम्प्लांटवर चुंबकाचा छोटा खुंट लावून त्याची कंपनं मोजतात. आकड्याला आयएसक्यू म्हणतात, माप 1 ते 100. माझ्या एका पेशंटचा आकडा पहिल्या दिवशी 72 होता, चौथ्या आठवड्यात 64, तीन महिन्यांनी 76. मधल्या काळात त्या बाईंना काहीही जाणवलं नव्हतं.

जाणवत नाही हाच घोळ आहे. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांना मी पहिल्याच आठवड्यात तात्पुरती कॅप दिली, कारण जोर 40 च्या वर मिळाला होता. चौथ्या आठवड्यात ते आले ते "डॉक्टर, जरा हलतंय" म्हणत. कॅप चिमटीत धरली तर सगळं इम्प्लांटच फिरलं. दुखणं नाही, सूज नाही. चूक माझी होती: पहिल्या दिवसाच्या आकड्यावर मी चौथ्या आठवड्याची भाकरी चावायला दिली.

आता पृष्ठभाग. त्याचं काम या खोटीत चालतं. इम्प्लांट आत गेलं की क्षणात त्याच्याभोवती रक्त साकळतं, त्यात बारीक तंतूंचं जाळं विणलं जातं आणि हाड घालणाऱ्या पेशी त्या तंतूंवरून चालत धातूकडे येतात. चालताना त्या तंतू ओढतात. धातू गुळगुळीत असेल तर जाळं सुटून येतं, मग हाड फक्त पलीकडच्या भिंतीकडून हळूहळू सरकत येतं. खरखरीत असेल तर जाळं धरून राहतं, पेशी थेट धातूवर पोचतात आणि तिथूनही हाड घालायला लागतात. दोन्हीकडून काम सुरू. घर बांधताना पाहिलं असेल, गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करायच्या आधी गवंडी टाचे मारून घेतो. तसंच, फक्त इथले टाचे मायक्रॉनमध्ये.

हे सुरुवातीपासून नव्हतं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे जे स्क्रू बसवले ते लेथवर कातलेले, जवळपास गुळगुळीत होते. ते चाललेही, पण खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्यात सहा महिने हिरडीखाली झाकून ठेवायचे. भरीव हाडात निभायचं, पोकळ हाडात नाही. 1991 मध्ये जॅफिन आणि बर्मन या डेंटिस्टांनी आपल्या केसेस मांडल्या: अगदी मऊ, चौथ्या प्रतीच्या हाडात 35 टक्के इम्प्लांट गेले होते, बाकीच्या हाडात 3 टक्के. हे चौथ्या प्रतीचं हाड सगळ्यात जास्त सापडतं ते वरच्या जबड्याच्या मागच्या भागात. म्हणजे तुमच्या आईंच्या दाढेच्या जागी.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॅनिएल बूसर यांच्या गटाने छोट्या जातीच्या डुकरांत सहा पृष्ठभाग तपासले. गुळगुळीतांना 20-25 टक्के भागावर हाड चिकटलं होतं. वाळूसारख्या जाड कणांचा मारा करून मग ॲसिडने खाल्लेल्याला 50-60 टक्के. हाच तो 'एसएलए'. आज बाजारातले बहुतेक नावाजलेले इम्प्लांट या नाहीतर अशाच कुठल्या रीतीने खरखरीत केलेले असतात. खडबडीतपणा 1 ते 2 मायक्रॉन असला की बरा. त्याहून जाड लेपाचेही प्रयोग झाले, पण हाडाबाहेर उघडे पडले की त्यांच्यावर जंतू बसतात आणि मग निघता निघत नाहीत.

म्हणजे तुम्हाला मिळालेल्या दोन्ही दरांतलं इम्प्लांट बहुधा खरखरीतच असणार. महागातल्याला जास्तीचं काय, तर पाणी ओढायचा गुण. टायटॅनियम हवेत राहिलं की त्यावर कार्बनचा अंश बसतो आणि ते पाणी झटकायला लागतं. म्हणून 'ॲक्टिव्ह'पैकी काही इम्प्लांट सलाइन भरलेल्या नळीत बंद येतात. पहिल्यांदा वापरलं तेव्हा मी बघतच राहिले: टोक रक्ताला लागलं मात्र, आणि रक्त आट्याआट्यातून आपोआप वर चढलं, वातीत तेल चढावं तसं. त्याने ती मधली खोट उथळ होते आणि लवकर भरून येते. पण वर्षभराने दोघांना शेजारी ठेवलं तर फरक सापडणं कठीण. साध्या एसएलएचाच दहा वर्षांचा हिशेब बर्नमधून 2012 मध्ये आला: 511 इम्प्लांट, 98.8 टक्के टिकलेले.

माझं मत विचाराल तर खालच्या जबड्यात भरीव हाड असेल आणि घाई नसेल, तर जास्तीचे पैसे देऊ नका. तुमच्याकडे मात्र वरचा जबडा, मागची जागा आणि शुगर आहे, म्हणून मी महागातलं घेईन. पण तेही लवकर कॅप बसवण्यासाठी नाही, थांबण्याच्या काळात धोका कमी राहावा म्हणून. आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी) आठच्या वर असेल तर आधी तो खाली आणा, इम्प्लांट कुठे पळून जात नाही. हो, आई मशेरी लावतात का, हेही विचारा. "तंबाखू नाही हो" म्हणणाऱ्या कितीतरी बायका मशेरीला तंबाखूत धरतच नाहीत. त्यापुढे कुठलाही सरफेस कमीच.

डॉक्टरांना एवढंच विचारा: बसवताना जोर किती मिळाला, आयएसक्यू मोजणार का, आणि कॅपच्या आधी पुन्हा मोजणार का. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते आईंच्या फाइलला चिकटवून घ्या. दहा वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर कुठला पाना लावायचा हे त्या स्टिकरवरूनच कळतं.