प्रत्येक हलला स्वतःची डोलकाठी: कॅटॅमरानविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सागरी प्लायवूड आणि इपॉक्सी वापरून बांधायच्या कॅटॅमरानचा, म्हणजे दोन हल (होडीसारखी तरंगणारी लांबट अंगे) जोडून केलेल्या नौकेचा आराखडा करीत आहे. लांबी ८ मीटर, दोन हलांच्या मध्यरेषांतील अंतर ४ मीटर, सामानासह वजन १६०० किलो आणि शिडांचे एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर आहे. मधोमध एक डोलकाठी आणि तिला तारांचे ताण ही नेहमीची रचना सोडून प्रत्येक हलमध्ये एकेक डोलकाठी तारांविना उभी करावी, असा माझा विचार आहे. अनुभवी मंडळींचा याला विरोध आहे. या कल्पनेत तथ्य आहे का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : तथ्य आहे, मात्र त्याचे मुख्य कारण वेग हे नव्हे. एकाच हलची नौका वाऱ्याचा झोत आला की कलते, तिच्या शिडावरचा दाब त्यामुळे थोडा आपोआप उतरतो आणि खलाशाला इशाराही मिळतो. कॅटॅमरान फारशी कलत नाही, म्हणून झोताचा सगळा जोर दोर, डोलकाठी आणि दोन हलांना जोडणाऱ्या आडव्या तुळया यांच्यावर येतो. आणि एकदा ती उलटली की उलट्या अवस्थेतही तितकीच स्थिर राहते. त्यामुळे तिच्या शिडांची पहिली परीक्षा ही, की वारा कोठूनही येत असला तरी शीड ताणून धरणारा दोर सोडताच शीड रिकामे होते की नाही. नेहमीच्या रचनेत डोलकाठीच्या बाजूच्या तारा किंचित मागे बांधलेल्या असतात आणि वारा पाठीमागून असताना शीड त्यांना टेकते, त्यापुढे ते सोडता येत नाही. मग दाब कमी करायचा तर नौका वाऱ्याकडे वळवावी लागते, आणि वळताना ती नेमकी वाऱ्याला आडवी येते, म्हणजे उलटण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट स्थितीत. तारा नसलेल्या डोलकाठीवर शीड थेट पुढच्या बाजूलाही फडफडत सोडता येते. आपल्या कल्पनेचे खरे बळ मला येथे दिसते.

दुसरा लाभ उंचीचा. तेवढेच क्षेत्रफळ दोन काठ्यांत वाटले की प्रत्येक काठी आखूड होते आणि दाबाचे केंद्र खाली येते. नौकेला सावरणारा कमाल आघूर्ण (फिरवणारा जोर) म्हणजे वजन गुणिले हलांतील निम्मे अंतर. आपल्या बाबतीत १६०० गुणिले २, म्हणजे ३२०० किलोग्रॅम-मीटर. पाण्याखालील प्रतिकाराच्या केंद्रापासून शिडांच्या दाबाचे केंद्र ६ मीटर उंच धरले आणि शिडाचा गुणांक (वाऱ्याचा किती जोर शीड घेते, त्याचा आकडा) १.२ घेतला, तर वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलला जाण्याची वेळ साधारण २९ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात येते. तेच केंद्र ४.५ मीटरवर आणले तर ही मर्यादा ३३ नॉटच्या पुढे जाते. हा वारा धावत्या नौकेला जाणवणारा आहे, किनाऱ्यावर मोजलेला नव्हे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे २० नॉटच्या वाऱ्यात आलेला २८ नॉटचा झोत दाब जवळजवळ दुप्पट करतो. म्हणून उंच शिडांच्या नौकेत २० नॉटच्या सुमारास आणि आपल्या नौकेत २३ नॉटला शीड कमी झालेले असलेच पाहिजे.

आता विरोध करणाऱ्यांची बाजू, कारण तीही पोकळ नाही. तारा काढल्या की त्यांचे काम हलच्या अंगावर पडते. वर सांगितलेल्या मर्यादेच्या वाऱ्यात, काठी डेकखाली ०.९ मीटर गेलेली आणि दाबाचे केंद्र डेकपासून ३.५ मीटर उंच असेल, तर काठीच्या पायाशी सुमारे १.४ टन आणि डेकपाशी सुमारे १.७ टन आडवा जोर येतो. हा स्थिर वाऱ्याचा हिशेब झाला; लाटांचे हिसके वेगळे धरावे लागतील, तेव्हा किमान तिप्पट सुरक्षा-गुणक ठेवावा, असे माझे मत आहे. काठीबरोबर हलही गोल फिरू पाहतो आणि त्याला थोपवतात त्या फक्त आडव्या तुळया. ब्रिटिश नौका-आराखडाकार जेम्स व्हॅरम यांनी १९५० च्या दशकात पॉलिनेशियन (प्रशांत महासागरातील बेटांच्या) धर्तीच्या जुळ्या नौका बांधल्या आणि १९५९ मध्ये त्यांपैकी एकीने उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केला. त्यांच्या नंतरच्या अनेक आराखड्यांत तुळया हलांना दोरांनी बांधलेल्या असतात, जेणेकरून लाटेत सांधे थोडे हलावेत. ती रीत मला अतिशय आवडते, परंतु आपल्या नौकेला ती चालणार नाही. हल एक अंश जरी फिरला तरी ९ मीटर उंच काठीचे टोक सुमारे १६ सेंटिमीटर सरकते. आपल्याला ताठ, पेटीसारख्या पोकळ तुळयाच हव्यात.

ब्रिटिश खलाशी पीट गॉस यांची ‘टीम फिलिप्स’ ही १२० फुटी कॅटॅमरान अशाच तारांविना उभ्या दोन डोलकाठ्यांची होती. २००० च्या मार्चमध्ये चाचणीच्या वेळी तिच्या एका हलचा पुढचा भाग तुटला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अटलांटिकच्या वादळात खलाशांना ती सोडून द्यावी लागली. विरोधक बहुधा हेच उदाहरण देतात; पण मार्चमध्ये मोडला तो हल होता, डोलकाठ्या उभ्याच राहिल्या होत्या. त्यातून घ्यायचे ते एवढेच, की नव्या शिडांकडे लक्ष असताना हलच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, हिशेब दुय्यम ठरू देऊ नये.

वारा अगदी आडवा असताना वाऱ्याकडचे शीड दुसऱ्याला झाकेल, हा दोष मान्य करावा लागेल. नौकेने वेग घेतला की जाणवणारा वारा पुढे सरकतो आणि हा दोष बराच कमी होतो. पाठीमागच्या वाऱ्यात दोन्ही शिडे शेजारीशेजारी पूर्ण उघडी राहतात. पुढचे त्रिकोणी शीड नसल्यामुळे वाऱ्याच्या तोंडातून वळणे मात्र जड जाईल, म्हणून सुकाणूंची पाती मोठी ठेवावीत आणि वळण्यापूर्वी वेग पडू देऊ नये. शिडांसाठी मी चिनी जंक पद्धत, म्हणजे आडव्या काठ्या बसवलेले शीड, सुचवेन. ब्रिटिश खलाशी ब्लॉंडी हॅस्लर १९६० च्या पहिल्या एकट्याने अटलांटिक पार करण्याच्या शर्यतीत २५ फुटी ‘जेस्टर’वर असेच शीड घेऊन दुसरे आले. शीड वर धरणारा दोर सोडला की आडव्या काठ्यांच्या वजनाने शीड घडी घालत खाली येते, आणि डेकवर जावे लागत नाही.

प्रश्न : पॉलिनेशियन खेकड्याच्या नांगीसारखे शीड यासाठी अधिक चांगले ठरणार नाही का? — दुसरे एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कोकणातील तिरक्या परभाणावरचे (शीड टांगण्याच्या काठीवरचे) त्रिकोणी शीड आपण पाहिले असेल, नांगीच्या शिडाला दोन बाजूंनी काठ्या असतात. त्याच्या कडांवरून हवेचे भोवरे सुटतात, त्यामुळे मोठ्या कोनातही ते ओढ देत राहते, आणि शिडांचे अभ्यासक सी. ए. मार्चाय यांच्या पवनबोगद्यातील चाचण्यांत त्याची ओढ फार चांगली आढळली. १९७५ मध्ये बांधलेली ‘होकुलेआ’ ही जुळ्या हलांची नौका अशाच शिडांवर १९७६ मध्ये पारंपरिक दिशादर्शक माउ पियाइलुग यांच्या मार्गदर्शनाखाली हवाईहून ताहितीला गेली. पण हे शीड मिटणे सोपे आणि टप्प्याटप्प्याने लहान करणे कठीण आहे. अनेक हातांच्या नौकेवर ते शोभते. दोघांच्या नौकेवर मी ते घेणार नाही.

प्रश्न : बांधण्यापूर्वी छोट्या प्रतिकृतीवर चाचणी उपयोगी ठरेल का? — अलिबागचेच वाचक

उत्तर : अवश्य. एक-चतुर्थांश मापाची म्हणजे २ मीटर लांबीची प्रतिकृती करावी. तिचे वजन चौसष्टावा भाग, म्हणजे २५ किलो, भरावे आणि वाऱ्याचा वेग निम्मा धरावा. त्यामुळे ३३ नॉटची मर्यादा तिच्यात १६ ते १७ नॉटला दिसली पाहिजे. ती त्याआधी उलटू लागली, तर प्लायवूड कापण्याआधी हलांतील अंतर वाढवावे.